विस्मृती आणि राजमुद्रा

विस्मृती हा रहस्यकथेचा जुना आणि हुकमी आधार होय. नायक काहीतरी विसरलेला असतो. जे विसरला त्यातच गुन्ह्याची किल्ली दडलेली असते. आणि दोन-अडीच तास प्रेक्षकही त्याच्याबरोबर अंधारात चाचपडत राहतात. इ. स. २००० मध्ये ख्रिस्तोफर नोलन या दिग्दर्शकाचा ‘मेमेंटो’ हा इंग्रजी चित्रपट आला. त्यातील नायकाला डोक्यावरील आघातानंतर नवी आठवण धरून ठेवताच येत नाही. काही मिनिटे गेली की पाटी कोरी! म्हणून तो छायाचित्रांवर टिपणे लिहितो आणि जे मुळीच विसरता कामा नये ते अंगावर गोंदवून घेतो. याच कल्पनेच्या छायेत ए. आर. मुरुगदास यांनी २००५ साली तमिळमध्ये आणि २००८ साली हिंदीत ‘गजनी’ काढला, आणि ती कल्पना आपल्याकडे घरोघर पोचली. ती केवळ लेखकाच्या डोक्यातून निघाली असेही नव्हे. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या मेंदूवर अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली; त्या दिवसापासून २००८ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सुमारे पंचावन्न वर्षे, घडलेली नवी गोष्ट त्याच्या मनात टिकेनाशी झाली. स्मृतीविषयीच्या आधुनिक शास्त्राचा मोठा भाग या एका माणसाच्या विसरण्यावर उभा आहे.

असे चित्रपट पाहताना प्रेक्षकाचे लक्ष एकाच प्रश्नाकडे असते: नायकाला आठवेल काय? परंतु जरा बारकाईने पाहिले तर ‘मेमेंटो’तील खरा थरार निराळ्या ठिकाणी आहे. नायकाला जे आठवत नाही ते त्याच्या भोवतालच्या माणसांना आठवते, आणि ती माणसे त्याच्या विस्मृतीचा आपापल्या कामासाठी उपयोग करून घेतात. टिपण त्याच्या हातचे असते, पण त्यामागची बुद्धी दुसऱ्याची असू शकते. गोंदण त्याच्या अंगावरचे. त्याचा अर्थ मात्र दुसरा कोणी लावून देतो. विसरणारा माणूस अशा रीतीने दुसऱ्याच्या हातातील शिक्का बनतो. तेव्हा विस्मृतीच्या कथेत विचारावयाचा पहिला प्रश्न ‘हा काय विसरला?’ हा नसून ‘याच्या वतीने आठवण कोण ठेवीत आहे?’ हा होय.

आपल्या वाङ्मयाने हा विषय फार पूर्वी हाताळला आहे. महाभारताच्या आदिपर्वातील दुष्यंत शकुंतलेला विसरलेला नाही. तो तिला ओळखतो, पण लोकापवादाच्या भयाने भर सभेत नाकारतो. अखेर आकाशवाणीची साक्ष होते तेव्हा कबुली देतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि मुद्रिका यांची योजना केली आणि नाकारणाऱ्या राजाला विसरणारा राजा बनविले. वकिलाच्या भाषेत सांगावयाचे तर, जेथे खोटेपणाचा आरोप होता तेथे कवीने विस्मृतीचा बचाव उभा केला आणि नायकाला निर्दोष सोडविले. नाटकाच्या नावातील ‘अभिज्ञान’ म्हणजे ओळखीची खूण, अर्थात पुरावा. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. शापाच्या काळातही दुष्यंताचे राज्य सुरळीत चालले होते. तो न्याय देत होता, प्रजेची गाऱ्हाणी ऐकत होता. कारण तो एकच गोष्ट विसरला होता. राजा सगळेच विसरला तर काय होते, हे सांगण्याचे काम कालिदासाने केले नाही. ते इतिहासाने केले, आणि तेही आपल्या मराठी राज्यात, माळव्याच्या भूमीवर केले.

इंदूरहून खंडव्याच्या वाटेने निघाले की सिमरोल लागते. २००९ साली स्थापन झालेल्या इंदूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे विस्तीर्ण आवार आज तेथे उभे आहे. यंत्राने किती साठवावे, किती वेगाने आठवावे आणि साठविलेले हरवू नये म्हणून काय करावे, याचे शिक्षण तेथील तरुण घेत असतात. होळकरांच्या राज्याचा हा मुलूख. ज्या राज्याच्या भूमीवर आज यंत्रांच्या स्मरणशक्तीची एवढी चिंता वाहिली जाते, त्याच राज्याच्या धन्याची स्मृती दोनशे वर्षांपूर्वी हरपली होती, आणि तिची राखण करण्याची कसलीही व्यवस्था कोणापाशी नव्हती. तो धनी म्हणजे यशवंतराव होळकर.

यशवंतराव हा तुकोजीराव होळकरांचा पुत्र. जन्म १७७६ चा, पण विवाहित राणीच्या पोटचा नव्हे; त्यामुळे गादीवरचा त्याचा हक्क पहिल्यापासून वादाचा. जे मिळविले ते त्याने घोड्याच्या पाठीवर मिळविले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, पुण्यानजीक हडपसरच्या रणात त्याने शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पळाला आणि त्या वर्षाच्या अखेरच्या दिवशी वसईचा तह करून इंग्रजांच्या आश्रयाला गेला. १८०४ साली याच यशवंतरावाने कर्नल मॉन्सनच्या फौजेची मुकुंदऱ्याच्या घाटापासून आग्र्यापर्यंत अशी दाणादाण उडविली की कंपनी सरकारच्या प्रतिष्ठेला जबर धक्का बसला. पुढे डीग आणि भरतपूर झाले, आणि २४ डिसेंबर १८०५ रोजी बियास नदीकाठी राजघाटचा तह करून तो माळव्यात परतला.

या पुरुषाची प्रतिमा लोकांच्या मनात एका आडदांड लढवय्याची आहे. ती अपुरी आहे. त्याचा शत्रू सर जॉन मॅल्कम यानेही नोंदविले आहे की यशवंतरावाला चांगले शिक्षण मिळाले होते. तो मराठी शुद्ध लिहीत असे, त्याला फारसी समजत असे आणि हिशोबात तो फार चलाख होता. म्हणजे ज्याची सारी शक्ती घोडदळात होती असे आपण समजतो, त्याची अर्धी शक्ती स्मरणात होती. कोणत्या सरदाराचे किती येणे, कोणत्या पथकाचा किती पगार थकला, कोणत्या परगण्यातून काय वसूल व्हावयाचे, हा सगळा जमाखर्च त्याच्या डोक्यात असे. विस्कळीत, फिरत्या आणि कर्जबाजारी राज्याचे खरे दप्तर म्हणजे त्या एका माणसाची स्मृती होती. आणि नेमके तेच दप्तर प्रथम जळू लागले.

उत्तरेच्या मोहिमेवरून आल्यावर त्याने भानपुऱ्यास मुक्काम केला आणि तोफा ओतण्याचा कारखाना उभा केला. इंग्रजांशी पुन्हा सामना द्यावयाचा तर घोडदळ पुरे पडणार नाही, तोफखाना पाहिजे, हा त्यामागचा विचार. त्या कामाने त्याला झपाटले. भट्टीजवळ उभे राहून तो स्वतः राबत असे. जोडीला अतोनात मद्यपान होते. पुतण्या खंडेराव आणि भाऊ काशीराव यांचे मृत्यू याच सुमाराचे. त्या मृत्यूंत त्याचा हात असल्याचा संशय त्या काळीच घेतला गेला. मग १८०८ च्या सुमारास त्याच्या जवळच्या माणसांना काही निराळे दिसू लागले. मॅल्कमने पहिली लक्षणे नोंदविली आहेत ती अशी: स्मरण कमी होऊ लागले, अधीरता वाढली आणि संतापाचे झटके येऊ लागले. अगोदर विसरणे आणि मग क्रोध, हा क्रम घरातल्या वृद्धाच्या विसराळूपणाचा अनुभव घेतलेल्या कोणाही वाचकास ओळखीचा वाटेल. विसरणारा माणूस प्रथम स्वतःवर चिडत नाही. जे त्याला आठवण करून देतात त्यांच्यावर चिडतो.

त्यानंतरची अवस्था अधिक दारुण. वेडाचा जोर इतका वाढला की राजवाड्यातील स्त्रियांना त्याच्या जवळ राहणे धोक्याचे झाले. अखेर त्याच्याच पहारेकऱ्यांनी त्याला धरून दोरखंडांनी बांधले आणि निराळ्या तंबूत ठेवले. वैद्य झाले, हकीम झाले. सुमारे वर्षभराने उन्माद ओसरला, पण शहाणपण परत आले नाही. त्याच्या जागी एक पोकळ शांतता आली. तो बोलेनासा झाला, आजूबाजूला काय चालले आहे याची जाणीव राहिली नाही, आणि लहान मुलासारखे त्याला दूध भरवावे लागे. अशा स्थितीत काढत काढत ऑक्टोबर १८११ मध्ये भानपुऱ्यास त्याचा अंत झाला. वय अवघे पस्तिशीच्या आसपास. त्याची छत्री भानपुऱ्यास आजही उभी आहे. रोगाचे कारण कोणी मद्यात शोधले, कोणी भट्टीच्या अतिश्रमात, कोणी पापाच्या टोचणीत. दोनशे वर्षांनंतर त्याला नाव देणे हे वैद्याचेही काम नव्हे, मग वकिलाचे कोठून असणार?

येथे साक्षीदाराची उलटतपासणी केली पाहिजे. या हकीकतीचा बराच भाग ज्याच्या लेखणीतून आपणास मिळतो तो मॅल्कम त्रयस्थ नव्हता. १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरच्या रणात होळकरी फौजेवर चालून जाणाऱ्यांत तो अग्रभागी होता. पुढे माळव्याचा कारभार त्याच्याकडे आला, महूची छावणी १८१८ साली उभी राहिली, आणि मध्य हिंदुस्थानावरील त्याचा ग्रंथ १८२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. पराभूत राज्य मुळातच सडलेले होते असे दाखविण्यात जेत्याचे हित असते. शिवाय भानपुऱ्याचे त्याने स्वतः काही पाहिले नव्हते. होळकर दरबारच्या माणसांकडून त्याने ऐकले. ऐकीव साक्षीचे वजन कमी, हे खरे. परंतु पुराव्याच्या शास्त्रात आणखी एक कसोटी आहे. जो तपशील रचून सांगण्यात साक्षीदाराचा काही लाभ नसतो, तो विश्वासार्ह मानावा. वेड्या राजाचे भडक चित्र काढण्यात जेत्याचा लाभ असेल. परंतु त्या वेडाची सुरुवात स्मरण कमी होण्याने झाली, हे बारीकसे निरीक्षण रचण्यात कोणाचाच लाभ नव्हता. ते कोणा सेवकाने प्रत्यक्ष पाहिलेले असावे, असे मानावयास हरकत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. राजा जिवंत आहे, पण त्याला स्वतःचे नाव आठवत नाही. सैन्य त्याचे आहे, मुलूख त्याचा आहे, हुकूम त्याच्याच नावाने सुटतो आहे. तो हुकूम देतो कोण?

यशवंतरावाची प्रिय स्त्री तुळसाबाई आणि कारभारी बाळाराम शेट यांनी सूत्रे हाती घेतली. बाहेरून पेंढारी-पठाणांचा पुढारी अमीरखान याची सावली सर्वांवर पडलेली होती, आणि त्याने आपला माणूस गफूरखान याला दरबारात ठेवून दिले होते. याच काळात, १८०९ साली, अमीरखान होळकरांच्या नावाने नागपूरकर भोसल्यांवर चालून गेला. पूर्वी नागपुरात यशवंतरावाची जवाहिरे अडकली होती, त्यांची मागणी हे निमित्त. हिशोबात चलाख असलेल्या यशवंतरावाला ते येणे एके काळी पक्के पाठ असेल. आता तो दूध पिऊन निजून होता आणि त्याच्या आठवणीवर दुसराच माणूस वसुलीला निघाला होता. ही स्वारी तुमच्या आज्ञेने निघाली काय, हे विचारावयाचे तरी कोणाला?

सर्वांत भयंकर प्रसंग रक्षकांच्याच नायकाने घडविला. धर्मा कुंवर याने बंड करून आजारी यशवंतराव, तुळसाबाई आणि लहानगा मल्हारराव यांना छावणीतून उचलले आणि जंगलाकडे नेले. त्यांचा शेवट करावा असा त्याचा बेत होता, असे मॅल्कम सांगतो. सुदैवाने दुसरी फौज वेळेवर येऊन पोचली, बेत फसला आणि धर्मा कुंवराला देहांत शिक्षा झाली. हा प्रसंग एखाद्या चित्रपटात घातला तर प्रेक्षक श्वास रोखून पाहतील. परंतु त्याचा कायद्याच्या दृष्टीने अर्थ काय, इकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. धर्मा कुंवराने राज्यावर चाल केली नाही, खजिना लुटला नाही, किल्ला घेतला नाही. त्याने फक्त एक आजारी देह उचलला. कारण ज्याच्या ताब्यात तो देह त्याच्या ताब्यात राज्य, अशी त्या छावणीची स्थिती होऊन बसली होती. यशवंतराव माणूस उरला नव्हता; तो स्वतःचीच राजमुद्रा झाला होता. आणि मुद्रा म्हटली की ती चोरता येते, लपविता येते, आणि निरुपयोगी झाली की मोडताही येते.

पुढची कथा थोडक्यात अशी. यशवंतरावामागे चार-पाच वर्षांच्या मल्हाररावाला गादीवर बसवून तुळसाबाईने कारभार चालविला. तिच्याच हुकमाने बाळाराम शेटचा वध झाला. आणि डिसेंबर १८१७ मध्ये, महिदपूरच्या लढाईच्या तोंडावर, ती इंग्रजांशी संधान बांधते आहे या संशयाने लष्करातील सरदारांनी क्षिप्रेच्या काठी तिचा शिरच्छेद केला. २१ डिसेंबरला लढाई झाली, होळकरांचा मोड झाला, आणि ६ जानेवारी १८१८ रोजी तात्या जोगांनी मंदसोरचा तह केला. राजपूत संस्थानांवरील हक्क गेले, सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख गेला, गफूरखानाला जावरा मिळाले, आणि उरलेल्या राज्याची राजधानी इंदूरला आली. यशवंतराव शहाणा राहता तर हे टळले असते, असे मी म्हणणार नाही. कंपनीचे बळ त्या वेळी फार वाढले होते. परंतु शेवटची नऊ वर्षे हे राज्य रणात हरले नाही, ते दारात हरले, एवढे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

कोणी म्हणेल, तो काळच तसा होता. राजा वेडा झाला की दुसरे काय होणार? त्याला उत्तर देण्यास इतिहासाने एक विलक्षण योगायोग पुरविला आहे. नेमक्या याच वर्षांत ज्या इंग्रजांशी यशवंतराव लढला त्यांचाही राजा बुद्धीला मुकला होता. तिसऱ्या जॉर्जला १७८८ साली उन्मादाचा झटका येऊन गेला होता; १८१० च्या अखेरीस रोग परतला तो कायमचा. ५ फेब्रुवारी १८११ रोजी, म्हणजे यशवंतरावाच्या मृत्यूपूर्वी आठ-नऊ महिने, पार्लमेंटने राजप्रतिनिधीविषयीचा कायदा केला. त्या कायद्याचे मर्म दोन तरतुदींत आहे. राज्याचा अधिकार युवराजाला दिला, पण पहिल्या वर्षापुरता त्याच्या अधिकारावर मर्यादा घातल्या. राजा बरा झालाच तर त्याचे राज्य त्याला जसेच्या तसे परत मिळावे हा हेतू. आणि राजाच्या देहाची देखभाल युवराजाकडे दिली नाही. ती राणी शार्लट आणि तिच्या मदतीला नेमलेले मंडळ यांच्याकडे दिली. तिसरा जॉर्ज त्यानंतर नऊ वर्षे जगला आणि १८२० साली मेला. त्याला कोणी जंगलात नेले नाही. कारण त्याला नेऊन कोणाच्या हाती काही लागणार नव्हते.

इंग्रज शहाणे आणि आपण अडाणी, असा धडा यातून काढणे चूक ठरेल. हे तत्त्व आपल्या घरचेच आहे. रुग्णाचा देह आणि रुग्णाचा शिक्का एका हाती असू नयेत, धन्याला बोलता येत नसले तरी त्याचे धनीपण कायम राहते, आणि त्याच्या वतीने काम करणारा हा मालक नसून सेवक असतो: हे सारे आपण प्रत्येक देवळात पाहत आलो आहोत. देवाची मालमत्ता देवाची असते. देव हुकूम लिहीत नाही, सही करीत नाही, हिशोब विचारीत नाही. तरीही धर्मशास्त्राच्या परंपरेने आणि पुढे न्यायालयांनी त्याला धनी मानले. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने प्रमथनाथ मलिक यांच्या खटल्यात देवतेचे कायद्यातील व्यक्तित्व स्पष्ट शब्दांत मान्य केले. देवतेला न्यायालय अज्ञान मुलाप्रमाणे जपते. तिचा व्यवस्थापक जमीन विकू पाहील तर त्याला गरज आणि देवस्थानाचे हित सिद्ध करावे लागते. पूजा करणारा एक, जमाखर्च ठेवणारा दुसरा. आणि अनेक देवस्थानांत भांडाराला एकाहून अधिक कुलपे असतात व त्यांच्या किल्ल्या वेगवेगळ्या महाजनांच्या कनवटीला. कोणावर अविश्वास म्हणून ही रीत पडली नाही. ज्याला स्वतः जाब विचारता येत नाही त्याच्या वतीने जाब विचारण्याची ती सोय आहे.

खुद्द होळकरांच्या घराण्यातही ही दृष्टी होती. अहिल्याबाईंनी राज्य श्रीशंकराचे मानले आणि आज्ञापत्रे त्याच्या नावाने काढली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. केवळ भक्तीचा प्रकार म्हणून आपण तिच्याकडे पाहतो. पण त्यात राज्यशास्त्रही होते. ज्या राज्याचा धनी श्रीशंकर, तेथे गादीवरचा माणूस व्यवस्थापक ठरतो. तो आजारी पडला तर दुसरा व्यवस्थापक नेमता येतो, धनीपणाला धक्का लागत नाही. अहिल्याबाई १७९५ साली गेल्या. त्यानंतर पंधरा वर्षांच्या आत त्याच राज्यात धनीपण एका माणसाच्या देहात असे काही अडकून पडले की तो देह बांधून ठेवणाऱ्यांच्या हाती राज्य गेले.

हे सारे राजेरजवाड्यांचे झाले. आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणू नये. आयुर्मान वाढले तसे स्मृतिभ्रंशाचे रुग्ण घरोघर दिसू लागले. घर वडिलांच्या नावावर, ठेवी वडिलांच्या नावावर, आणि वडिलांना मुलाचे नाव आठवत नाही. प्रत्येक अशा घरात एक लहानसे भानपुरे असते. तेथेही तुळसाबाई असते, बाळाराम शेट असतो, आणि क्वचित धर्मा कुंवरही असतो. माणसे वाईट असतात म्हणून नव्हे. अधिकार कोणाचा हे ठरलेले नसले की भली माणसेही एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात.

अशा घरांत एक समज फार पक्का रुजलेला आढळतो. वडिलांनी मुखत्यारपत्र करून दिले आहे, आता चिंता नाही! वाचकहो, येथेच घात आहे. १८७२ च्या करारविषयक कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मूळ धन्याचे मन विकल झाले की मुखत्याराचा अधिकार संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी आपण ते पत्र केले असे समजतो, नेमक्या त्याच दिवशी ते निर्जीव होते. त्यानंतर त्या पत्रावर केलेली सही म्हणजे, कितीही चांगल्या हेतूने केलेली असो, धन्याचे स्मरण गेल्यावर त्याच्या नावाने काढलेली नागपूरची स्वारी होय.

मग वाट कोणती? १९१२ च्या जुन्या कायद्यात वेड्याच्या देहाचा पालक आणि त्याच्या मालमत्तेचा व्यवस्थापक अशा दोन नेमणुका न्यायालयाकडून होत असत. १९८७ च्या कायद्यानेही ती सोय ठेवली. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा अनेक दृष्टींनी उदार आहे. मनोविकाराच्या व्याख्येत त्याने स्मृतीचा विकार स्पष्टपणे घातला. प्रत्येक व्यक्तीला आपल्या उपचाराचा निर्णय घेता येतो असे गृहीत धरले. आणि पुढे बुद्धी चालेनाशी झाली तर उपचार कसा व्हावा हे आधी लिहून ठेवण्याचा आणि आपला प्रतिनिधी आपणच नेमण्याचा हक्क दिला. पण मालमत्तेच्या व्यवस्थेविषयी तो मौन आहे. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे खरी; तरीही व्यवहारात अनेक कुटुंबांना उच्च न्यायालयाच्या दारी जाऊन, राजसत्ता ही निराधारांची पालक आहे या जुन्या तत्त्वाच्या आधाराने, पालक नेमून मागावा लागतो. देहाच्या राखणीसाठी कायदा आहे; शिक्क्याच्या राखणीसाठी सरळ आणि सर्वांना झेपेल अशी वाट अजून बांधावयाची आहे. विधिमंडळातील लोकप्रतिनिधींनी या कामी लक्ष घातले पाहिजे.

तोवर आपण काय करावे? स्मरण शाबूत आहे तोच मृत्युपत्र करावे. १९२५ च्या उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र करणाऱ्याचे मन त्या वेळी स्थिर असले पाहिजे, म्हणून वैद्याचा दाखला सोबत जोडावा. उपचाराविषयीची इच्छा लिहून ठेवावी आणि प्रतिनिधी नेमावा. आणि घरातल्या मंडळींनी आपसांत एक गोष्ट ठरवावी: आईवडिलांची शुश्रूषा ज्याच्याकडे, पैशांचा हिशोब त्याच्याकडे नको, हिशोब ज्याच्याकडे, त्याने तो दर महिन्यास तिसऱ्याला दाखवावा. यात नात्याचा अपमान नाही. शुश्रूषा करणाऱ्या सुनेवर किंवा लेकीवर उद्या कोणी बोट ठेवू नये म्हणूनही हे आवश्यक आहे. ज्या समाजाने देवाच्या पेटीला दोन किल्ल्या लावल्या त्याला हे शिकविण्याची गरज नसावी.

आपल्या भाषेत ‘स्मृती’ या एका शब्दाला दोन अर्थ आहेत. माणसाच्या मनातली आठवण ही स्मृती, आणि याज्ञवल्क्यादिकांचे धर्मशास्त्र हीही स्मृती. त्या दुसऱ्या स्मृतीने उन्मत्ताने केलेला व्यवहार असिद्ध ठरविला, म्हणजे त्याच्या नावाने कोणी लुबाडू नये याची काळजी घेतली. वारसाच्या वाट्यातून तिने त्याला वगळले, हे आजच्या न्यायबुद्धीला पटणारे नाही, आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने व्याधीमुळे वारसा जाण्याची ती रीत मोडून काढली. परंतु वगळतानाही तिने बजावले की त्याचे पोषण करण्याचे कर्तव्य कुटुंबावर आहे. पहिली स्मृती हरपली की दुसरीने पुढे व्हावे, हा त्या नावाचा अर्थ मला दिसतो. भानपुऱ्याच्या तंबूत यशवंतरावाची पहिली स्मृती गेली तेव्हा दुसरी तेथे कोणी उघडलीच नाही.